पद्मिनीचं पितळी रेडिएटर: जाळीला पैकीच्या पैकी, फॅनला भोपळा

आधी निकाल सांगते, मग कीस पाडू. छत्रपती संभाजीनगरात जिन्सीच्या बाजूला, आतल्या गल्लीत, रेडिएटर दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. पाटी नाही. बाहेर ट्रॅक्टरच्या फुटक्या टाक्यांचा ढीग असतो, तीच पाटी समजा. 'रेडिएटरवाले चाचा' म्हणून विचारलं की कुणीही बोट दाखवतं. पितळी रेडिएटरचं काम असेल तर डोळे झाकून जा. वायरिंगचं असेल तर दुसरं दुकान बघा.

गाडी म्हणजे सासऱ्यांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. 'एमएच' यायच्या आधीचं तीन अक्षरी पासिंग, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ हँडगिअर. जालन्याला मोंढ्यात आमचं बियाण्यांचं दुकान आहे आणि ही गाडी मी कव्हर घालून मिरवायला ठेवलेली नाही, रोज वापरते. होळी झाली की तिचं तापणं सुरू. डॅशबोर्डखाली तापमानाचा वेगळा मीटर बसवून घेतलाय, त्याचा काटा बदनापूर येईस्तोवर लालला टेकायचा.

जालन्यातल्या एका गॅरेजवाल्याने यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज केला होता, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकला. "वहिनी, इथं काय बरफ पडतो का? काढला की पाणी मोकळं फिरतं." फिरतं, खरंय. पण थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडतो, तोवर बंद राहतो, तो इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. तो नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये चिकटा धरतो. आणि रेडिएटर तुंबलेलं असेल तर उन्हाळ्यात गाडी तापायची ती तापतेच. त्याचाच पुढचा सल्ला असा, की नव्या गाडीचं ॲल्युमिनियमचं रेडिएटर पट्ट्या वेल्ड करून बसवू. ॲल्युमिनियमशी माझं वैर नाही, हलकं असतं, चालतंही चांगलं. पण त्याचे पाइप भलत्याच बाजूला निघतात आणि ते मावायला समोरचा पत्रा कापावा लागणार होता. सासऱ्यांच्या गाडीचा पत्रा मी कापू देणार नाही.

चाचांनी गाडी बघायच्या आधी विचारलं, "पानी कौनसा डालते, बाजी?" म्हटलं बोरचं. त्यांनी नुसती मान हलवली.

रेडिएटर काढून टेबलावर आलं. गॅसच्या बत्तीने कड शेकून त्यांनी वरची टाकी अलगद उचलली. खाली जाळीच्या, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मधल्या भागाच्या, नळ्यांची तोंडं दिसायला हवी होती, दिसला तो पांढरा-तांबूस थर. पितळेची चपटी पट्टी एका नळीत सारली, ती बोटभर जाऊन अडली. शेजारच्या नळीत तेवढीही गेली नाही. "ये जाली मर गई. इसकू रॉड मारके कुछ फायदा नै." आपल्या काळ्या पाषाणातलं बोरचं पाणी जड असतं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापलं की धरून बसतात. गाडी तापून पाणी उडालं की आपण परत बोरचंच ओततो, म्हणजे क्षारांचा नवा हप्ता.

इथून पुढचं काम बघण्यासारखं होतं. दोन्ही टाक्या, बाजूच्या पट्ट्या, खालची पाणी सोडायची तोटी सगळं मूळचं ठेवलं. मधली जाळी तेवढी नवी, पितळी नळ्या आणि तांब्याच्या पट्ट्यांची. टाक्या आधी कॉस्टिकच्या पाण्यात उकळल्या, मग ब्रशने घासून लख्ख केल्या. जस्ताचे तुकडे टाकून मारलेलं ॲसिड काडीने कडेला फिरवलं, कानस मारलेली कैय्या नवसागरावर घासली आणि शिसं-कथलाची कांडी टेकवली. कथील असं सरसर पळत गेलं की पूर्वी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याची आठवण झाली. मग सगळी तोंडं बुचं मारून बंद, एका तोंडातून हवा, आणि अख्खं रेडिएटर हौदात. एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा रांगेने यायला लागला. मला तो दिसलाही नव्हता. त्यांनी तिथं नखाने खूण केली, पुसून पुन्हा कथील दिलं आणि पुन्हा बुडवलं.

जाळीत नळ्यांची एक ओळ वाढवा असं मीच सुचवलं होतं. चाचांनी इंजिनाच्या फॅनच्या पात्यापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं आणि "नक्को" म्हणाले. जाड जाळी पात्याला घासली असती, शिवाय तिच्यातून हवा ओढायला फॅनलाही तेवढा जोर हवा. गिऱ्हाईक स्वतःहून जास्तीचे पैसे द्यायला निघालंय आणि दुकानदार नको म्हणतोय, हे मोंढ्यात बसणाऱ्या मला फारच भावलं.

सगळ्यात उपयोगाचा बदल झाकणाचा. पूर्वी पाणी उकळलं की पाइपातून रस्त्यावर सांडायचं, संपला विषय. चाचांनी भरायच्या तोंडाची जुनी पितळी कॉलर काढून हल्लीच्या झाकणाची कॉलर झाळली आणि बाजूला मारुतीची प्लॅस्टिकची बाटली लावली. आता तापल्यावर जादा पाणी बाटलीत जातं आणि इंजिन निवलं की झाकणातल्या छोट्या वॉलमधून परत ओढलं जातं. झाकण मात्र ७ पीएसआय दाबाचंच. दुकानात १३ चं पण होतं, नव्या गाड्यांना तसलंच लागतं, पण जुन्या झाळीला तो दाब सोसत नाही, सांधे उकलतात. दर पीएसआयमागे उकळण्याचा बिंदू साधारण दीड अंशाने चढतो. आपण समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर वर, साधं पाणी इथं ९८ अंशांनाच उकळतं. त्यावर सात पीएसआयचे दहा-अकरा अंश म्हणजे चांगली सवड मिळाली.

वॉटर बॉडीखालच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाखालच्या, बारीक भोकातून थेंब गळत होता. ते भोक बुजवायचं नसतं हे लक्षात ठेवा, सील गेल्याची खबर देण्यासाठीच ते असतं. मूळचं सील मिळेना म्हणून दुसऱ्या गाडीचं घेतलं, बॉडी शेजारच्या लेथवर किंचित कातून ते दाबून बसवलं, बेअरिंगही नवं. थर्मोस्टॅट परत घातला. पाण्याऐवजी हिरवं कुलंट, एक भाग कुलंटला दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे गोठायची भीती नाही, ते हवं गंजासाठी. केशरी-गुलाबी कुलंट पितळी रेडिएटरमध्ये घालू नका, त्यातली काही जुन्या झाळीला खातात.

होज पाइपचं काम ठीकठाक. नेमक्या मोडीचा मिळत नाही, दुसऱ्या गाडीचा दोन्हीकडून कापून बसवतात. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असते, ती जुन्यातून काढून नव्यात घातली का ते समोर उभं राहून बघा. पंप तिथून पाणी ओढतो, स्प्रिंग नसेल तर वेगात होज आत चिपकतो.

आता फॅन. ट्रॅफिकमध्ये आधार म्हणून जाळीच्या पुढे मारुती ८०० चा इलेक्ट्रिक फॅन लावायचं ठरलं. हे काम चाचांचं नाही, तिथे येणाऱ्या एका वायरमनचं, आणि त्याने घाण केली. हा फॅन मुळात हवा ओढायचा, पुढे लावला तर ढकलायला हवी. गड्याने नुसत्या वायरी उलट जोडल्या. मोटर उलटी फिरते, पण पात्याची खोलगट बाजू उलटीच राहते, हवा निम्मी. त्यात करंटचा भार स्विचऐवजी स्वतःवर घेणारा रिले नाही, फ्यूज नाही, बारीक वायर थेट स्विचला. करमाडच्या पुढे जळका वास आला, स्विचला हात लावला तर चटका बसला. फोन केला तर म्हणाला, नवं आहे, बसेल हळूहळू. जालन्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पातं पलटवून घेतलं, जाड वायर, रिले, २० अँपिअरचा फ्यूज आणि ९२ ला लावणारा, ८७ ला बंद करणारा सेन्सर बसवला. आमच्या गाडीला अल्टरनेटर आहे म्हणून हे झेपतं. डायनामोची गाडी असेल तर नाद सोडा, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, डायनामो जेमतेमच चार्ज करतो, बॅटरी बसेल.

परीक्षा मे महिन्यात झाली, शनिवारी, भद्रा मारुतीला जाताना. दौलताबादच्या दरवाजात गाड्यांची रांग, वर ४२ अंश ऊन, पुढे खुलताबादचा घाट दुसऱ्या गिअरवर. रांगेत काटा चढला, फॅन लागला, काटा उतरला. घाटात नव्वदच्या पुढे गेला नाही. समोर एक नवीकोरी गाडी बोनेट उघडून उभी होती. हसू नये, पण हसले.

जाळी मजुरीसकट ५,८००, वॉटर बॉडी १,४००, कॉलर-बाटलीचे वेगळे. स्वस्त नाही. बिल मागितलं तर पावतीबुकाच्या पाठीमागे लिहून देतात. दिलेली तारीख पाळत नाहीत, निघताना फोन करा. शुक्रवारी दुपारनंतर बंद. रेडिएटर स्वतः काढून नेलं तर मजुरी कमी पडते, फक्त एसटीने नेणार असाल तर आधी नीट रिकामं करा. आमच्या पुतण्याने तसंच नेलं आणि शेजारच्या काकांचं धोतर गंजाच्या पाण्याने रंगवलं.