नवऱ्यासाठी किल्ट: तयार घ्यावा, शिवून घ्यावा की स्वतः शिवावा?

आजी नऊवारी नेसायची, नवऱ्याच्या वाट्याला आठवारी आली. ही नुसती कोटी नाही. परंपरेने शिवलेल्या किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या निऱ्यांच्या घागऱ्याला, खरोखरच आठ वार टार्टन, म्हणजे चौकडीचं लोकरी कापड लागतं आणि त्याचीही सगळी करामत निऱ्यांत आणि काठात असते. निऱ्या तेवढ्या मागे, आणि कायमच्या शिवलेल्या. त्यामुळे नवरा स्कॉटिश असला, किंवा तिथल्या लग्नात मिरवायची हौस असलेला आपलाच मराठी गडी असला, तरी किल्ट बघताना साडीची नजर कामी येते.

एडिनबर्गच्या पर्यटकी रस्त्यांवर पन्नासेक पौंडांत टांगलेले किल्ट आधी बाजूला काढूया. खालची कड उलटून बघा. चांगल्या किल्टला खाली तुरपाई नसते, तिथे कापडाचा विणलेला काठच येतो. स्वस्तातल्यात कड दुमडून मशीन मारलेलं असतं, कापड बहुधा अ‍ॅक्रिलिक, आणि पुढची चौकट मागच्या निऱ्यांत कुठल्या कुठे हरवलेली. एका रात्रीच्या गमतीला ठीक आहे. एका रात्रीसाठीच हवा असेल तर त्यापेक्षा भाड्याने लोकरीचा आणा, फोटोत तरी बरा दिसेल.

खरी निवड पाचवारी की आठवारी ही. आपल्याकडे नऊवारीची पाचवारी झाली, तशी किल्टचीही झाली आहे. पाच वारांचा किल्ट हलका आणि स्वस्त, उन्हाळ्यात किंवा डोंगर चढताना सोयीचा. पण निऱ्या उथळ, त्यामुळे चालताना मागे जो हेलकावा यायला हवा तो येत नाही. आठवारी उकडते, जड वाटते आणि हाताने शिवलेली घेतली तर पाचशे पौंडांच्या पुढे सहज जाते. तरीही वर्षातून तीन-चारदा घालणार असेल तर मी आठवारीच म्हणेन.

कापडाचं वजन औंसात सांगतात. १० ते ११ औंस मला किल्टसाठी पातळच वाटतं, घडी टिकत नाही. १६ औंसाचं सुरेख पडतं, वाऱ्यात उडत नाही, पण गर्दीच्या हॉलमध्ये नाचताना घाम काढतं. १३ औंसाचं वर्स्टेड, म्हणजे पिळदार सुताचं गुळगुळीत लोकरीचं कापड घ्या. लग्न पुण्यात असेल तर मात्र कुठलंही वजन घ्या, पंख्याखालीच उभं राहायचंय.

आता स्वतः शिवण्याचं. कापड दुहेरी पन्ह्याचं, साधारण ५४ ते ६० इंची मिळतं, म्हणून चारच वार घ्यायचं. मधोमध उभं कापून दोन पट्टे करायचे आणि जोड एका निरीच्या पोटात लपवायचा. इथवर सोपं आहे. पुढे गणित. टार्टनच्या नक्षीची एक पूर्ण आवृत्ती, म्हणजे सेट, ८ इंचांची धरू. मागची नक्षी पुढच्यासारखीच सलग दिसायला हवी असेल तर एका निरीत एक सेट जातो. २७ निऱ्यांना २१६ इंच, म्हणजे सहा वार तिथेच संपले. उरलेले दोन वार पुढे एकावर एक येणाऱ्या दोन सपाट पदरांना. सीट, म्हणजे नितंबांचा घेर, ४० इंच असेल तर मागे २० इंच बसवायचे, प्रत्येक निरी पाऊण इंच दिसणार. कंबर ३४, म्हणजे वर १७ इंच. तेव्हा प्रत्येक निरी वर जाताना जेमतेम तीन मिलिमीटर अरुंद करायची, तेही हातशिलाईने, चौकटीची रेघ न मोडता. प्रत्येक निरीत एक मिलिमीटर चुकलं तर कमरेत इंचभर फरक पडतो. माझा पहिला प्रयत्न नवऱ्याच्या पोटावर बंदच होईना. अकरा निऱ्या उसवल्या, आणि त्या दोन दिवसांत घरात कोणी माझ्याशी फारसं बोललं नाही.

त्यातून पैसे किती वाचले? शिलाईचे, पण कापड काही स्वस्त मिळत नाही. आत कॅनव्हास, अस्तर, चामडी पट्टे, बकलं हेही आलंच. हाताला बारीक टाक्यांची सवय असेल, लग्नाला तीन महिने असतील आणि नवरा दर आठवड्याला माप द्यायला निमूट उभा राहणारा असेल, तर जरूर शिवा. नाहीतर किल्टमेकर गाठा, पण निऱ्या सेटवर घालणार की रेघेवर ते आधी विचारून घ्या. रेघेवरच्या निऱ्या लष्करी थाटाच्या. मागून एकाच रेघेची रांग दिसते आणि चालताना आतला रंग झळकतो. मला त्याच आवडतात, सासूबाईंना नाही.

माप कुणीही घेवो, पँटची कंबर सांगू नका. किल्ट बेंबीच्या आसपास बसतो आणि गुडघ्याच्या मध्यापर्यंत येतो. पुरुषाचा वरचा पदर त्याच्या उजव्या बाजूला सुटतो. पिन फक्त त्या वरच्या पदरालाच लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचले तर बसताना कापड फाटतं. आणि नव्या किल्टच्या निऱ्यांना घातलेले कच्चे दोरे घालण्याआधी काढा. आमच्याकडे ते वरातीच्या गाडीत, नखांनी काढले.