एएमएच की सोनोग्राफीतील फॉलिकल-मोजणी? खान्देशातील जोडप्यांसाठी तुलना

मूल होण्यास उशीर होऊ लागला की जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा दोन तपासण्या दिसतात: रक्तातील एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) आणि पाळीच्या सुरुवातीला केली जाणारी अंतर्गत, म्हणजे योनिमार्गातून केलेली, सोनोग्राफी. अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा साधारण किती उरला आहे, याचाच अंदाज दोन्ही देतात. जन्माच्या वेळी हा साठा सुमारे १० ते २० लाख असतो, पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाखांवर येतो आणि पुढे कोणत्याही औषधाने वाढत नाही; 'एएमएच वाढवणाऱ्या' पावडरींवर खर्च करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

एएमएच हे संप्रेरक लहान फॉलिकलांमधील, म्हणजे अंडाशयातील स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्यांमधील, पेशी तयार करतात. पाळीच्या चक्रातील कोणत्याही दिवशी रक्त देता येते, आणि धडगाव किंवा अक्कलकुव्याहून ठरावीक दिवस गाठून शहरात येणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हीच बाब निर्णायक ठरते. मात्र गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खाली येतो, पीसीओएसमध्ये (अंडाशयात बरीच लहान फॉलिकल साठण्याच्या विकारात) तो बराच वर दिसतो, आणि दोन प्रयोगशाळांची एकके वेगळी असू शकतात. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधील १ म्हणजे पिकोमोल प्रति लिटरमधील सुमारे ७.१४, एकक न पाहता जुना-नवा अहवाल शेजारी ठेवला, तर नसती घबराट उडते.

सोनोग्राफीत पाळीच्या २ ते ५ व्या दिवसांत दोन्ही अंडाशयांतील २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजतात. एकूण संख्या ५ ते ७ पेक्षा कमी असल्यास साठा कमी मानला जातो. ही मोजणी तपासणाऱ्याच्या हातावर आणि यंत्रावर अवलंबून असते, हे तिचे वैगुण्य. उलट, उत्तर तत्काळ मिळते आणि चॉकलेट सिस्ट (अंडाशयातील जुन्या रक्ताची गाठ) किंवा गर्भाशयातील गाठही त्याच वेळी नजरेस पडते, जे रक्ताच्या आकड्यातून कधीच कळणार नाही. पोटावरून केलेली सोनोग्राफी या मोजणीसाठी सहसा पुरेशी नसते. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मिळतील का, हे आधीच विचारावे.

एकच तपासणी परवडत असेल आणि पाळीचा दिवस साधता येत असेल, तर मी सोनोग्राफीकडे झुकेन. टेस्ट ट्यूब बेबीचा विचार असेल, तर बीजे वाढवणाऱ्या इंजेक्शनची मात्रा ठरवण्यासाठी दोन्ही उपयोगी पडतात. अंडाशयावरील गाठीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्याआधी एएमएच करून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेने साठा घटू शकतो.

वय ३५ च्या आत आणि प्रयत्नांना वर्षही झाले नसेल, तर बहुधा दोन्हींची घाई नको. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिक गर्भधारणा कमी प्रमाणात झाल्याचे आढळले नाही. बीजाची गुणवत्ता मुख्यतः वयावर ठरते. म्हणून पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच, आणि चाळिशीनंतर लगेच डॉक्टरांना भेटावे. गर्भनलिका बंद आहेत का, हेही या दोन्हींतून कळत नाही. पतीची वीर्यतपासणी, २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर, पत्नीच्या रक्ततपासणीच्या आधी किंवा निदान त्याच आठवड्यात व्हावी.