उन्हाचा इशारा: मोबाइलवरचा मेसेज की दारातली आशाताई?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या पुढे जातो, तेव्हा इशारा द्यायच्या दोन वाटा असतात.

पहिली मोबाइलवरच्या मेसेजची. हवामान खात्याचा अंदाज आला की क्षणात लाखो लोकांना धाडता येतो. वेगात त्याला तोड नाही. पण कळमन्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाने 'दुपारी 12 ते 4 बाहेर पडणे टाळा' हे वाचून करायचं काय? त्याची मजुरी त्याच तासांत असते. शिवाय वस्तीत 'उष्माघात' कोण म्हणतं? 'ऊन लागलं' म्हणतात.

दुसरी वाट आशाताईंची, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांची. एका ताईंसोबत मी वस्तीत फिरले. टिनाच्या छपराखाली एक आजी बिलाच्या धास्तीने पंखा बंद करून बसल्या होत्या. ताईंनी आधी माठात डोकावून पाहिलं. मग आजींच्याच घरातला चहाचा चमचा हातात घेऊन दाखवलं: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. "आणि आजी, कोणी बरळायला लागलं, शुद्ध हरपली, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत न्या, ओलं फडकं गुंडाळा, 108ला फोन लावा." आजींनी ते परत म्हणून दाखवलं. मेसेजला हे जमत नाही.

पण ताई दिवसाला मोजकीच घरं करतात, तीही त्याच उन्हात, तुटपुंज्या मोबदल्यावर. म्हणून मी मेसेज आधी ताईंना पाठवीन. आणि हमालांच्या मुकादमाला: काम पहाटेच सुरू करा.