लष्कराच्या मोडीतला जनरेटर: वर्सोव्याच्या एका फ्रीझरवालीचा अनुभव

लष्कराने मोडीत काढलेला ७.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आम्ही मुंबईतल्या दारूखाना या भंगारबाजारातून घेतला, त्यावर आता एक अख्खा पावसाळा गेला. मशीन दणकट आहे, आवाजही तसाच दणकट आहे. तुमच्या हाताशी डिझेल इंजिनाचा मिस्त्री असेल आणि विकणारा डोळ्यांसमोर लोडवर, म्हणजे विजेचा भार देऊन, चालवून दाखवत असेल, तर जरूर घ्या. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आमचा धंदा मासळीचा. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोटी शाकारलेल्या. त्या काळात खानावळींना आणि घरगुती गिऱ्हाईकांना जी कोलंबी, सुरमई, बोंबील देते ती सगळी फ्रीझरमधली. चार डीप फ्रीझर आणि बर्फ फोडायचं दोन एचपीचं मशीन, एवढ्यावर आमचे ते दोन महिने उभे असतात, आणि वीज जाते ती नेमकी तेव्हाच. मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल, सकाळी दहाच्या सुमाराला अख्खं शहर थांबलं होतं. पुढच्या वर्षी १७ मेला तौक्ते वादळ आलं. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता दिवसभर तग धरतो. त्यापुढे माल गेला की गिऱ्हाईकही जातं, आणि ते परत मिळवायला वर्ष लागतं.

इन्व्हर्टरवर चार कॉम्प्रेसर रात्रभर ओढायचे तर बॅटऱ्यांची रांगच लावावी लागेल. दुकानात मिळणारे छोटे पेट्रोल जनरेटर ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) पळतात, बर्फाच्या मशीनची मोटर उचलताना धापा टाकतात. नवीन सायलेंट डिझेल सेट उत्तम, पण त्याची किंमत आम्हाला पडली त्याच्या दुपटीहून जास्त होती.

लष्कराचा जुना माल सहसा एकेक नग असा आपल्या हाती येत नाही. मोडीत काढलेल्या सामानाचे लॉट पाडून लिलाव होतात, त्यातले बरेचसे एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून. अट असते ‘जसे आहे, जेथे आहे’. व्यापारी सगळा लॉट उचलतो, दोन-तीन मशीनचे भाग जुळवून एक चालू करतो आणि विकतो. म्हणून लिलावाच्या कागदाची प्रत आणि जीएसटीचं बिल मागायचं. आमच्या व्यापाऱ्याने मागण्याआधीच फाइल पुढे केली, तिथेच माझं मन निम्मं झालं होतं.

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखान्यात गेलात की आधी जहाजांवरून उतरवलेले जनरेटर दिसतात. दिसायला देखणे आणि स्वस्त. पण जहाजावरची वीज बहुतेक वेळा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, थ्री फेज असते. चार पोलचा तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाला जोडलेला वीज बनवणारा भाग, १८०० आरपीएमला फिरतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ लागतात म्हणून त्याला १५०० वर आणला, की व्होल्टेज ३६७ च्या आसपास उतरतं आणि ताकद सहावा हिस्सा कमी होते. आपल्या लष्कराचा सेट मुळात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा, तो आणला की जोडता येतो.

आम्ही पाहिलेला सेट हिरव्या रंगाचा, लोखंडी सांगाड्यावर बसवलेला, पॅनेलवर लष्कराची बाणाची खूण. इंजिन किर्लोस्करचं, दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटर गंजण्याची भीती नाही. तासांचा काटा अगदी कमी तास दाखवत होता. पण सोबत आलेले आमचे दादा, गावातल्या बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री, त्या काट्याकडे बघायलाही तयार नव्हते. म्हणाले, “वहिनी, हे मशीन धावलेलं नाही, उभं राहिलेलं आहे. लोखंडाला काही होत नाही, रबर मरतं.” डिझेलचे पाइप नखाने दाबले तर तडकत होते. सगळे बदलायचे हे तिथेच ठरलं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं. सुरुवातीला पांढरा धूर, मग साफ. निळा धूर राहिला असता तर ऑइल जळतंय असं समजून आम्ही परत फिरलो असतो. पण व्होल्टमीटर शून्यावर! मला वाटलं, संपलं. व्यापारी म्हणाला, “ताई, बरेच महिने बंद होतं, फील्डमधलं चुंबकत्व गेलंय.” त्याने इंजिन बंद करून एव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या, वायरी सोडवल्या, बारा व्होल्टच्या बॅटरीचे प्लस-मायनस नीट बघून फील्डच्या, म्हणजे अल्टरनेटरमधल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या, दोन टोकांना क्षणभर टेकवले, एव्हीआर परत जोडला आणि इंजिन चालू केलं. काटा सरसर वर चढून २३० वर उभा राहिला. हा दोष नाही, बराच काळ पडून राहिलेल्या सेटला असं होतं. मात्र जाणकारानेच हात घालावा.

या पॅनेलवरचं फ्रीक्वेन्सीचं मीटर मला फार आवडलं. त्यात काटा नाही, पांढऱ्या टोकांच्या बारीक पट्ट्यांची एक ओळ आहे. जितके हर्ट्झ असतील तेवढ्या आकड्यावरची पट्टी थरथरते आणि तिचं टोक रुंद, धूसर दिसतं. रिकामं चालताना ५२ वरची पट्टी हलत होती. मग त्याने हीटरच्या कॉइल्स लावून पाच किलोवॅटचा लोड दिला. इंजिनाचा सूर क्षणभर खाली आला, परत सावरला, आणि थरथर ५० वर येऊन थांबली. वायरीभोवती लावायच्या टोंग टेस्टरवर बावीसच्या आसपास अँपिअर, व्होल्टेज २२८. लोडखाली हर्ट्झ एवढेच उतरणं म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर शाबूत आहे. अर्धा तास तसंच चालू ठेवायला सांगितलं आणि त्यानंतरच पैसे मोजले. ७.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने सहा किलोवॅट हा हिशोब डोक्यात ठेवा. रिकामं इंजिन सुरेख चालतंय म्हणून भुलू नका, तसं कुठलंही चालतं.

आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. तोंडाशी उतरवून बोटी ओढणाऱ्या पोरांनी पाइपांवरून सरकवत अंगणापर्यंत आणलं.

बसवण्यात खरं काम आहे, त्यात कंजूषी नको. काँक्रीटचा ओटा, खाली रबरी पॅड. एक्झॉस्टचा पाइप छपराच्या वर नेला, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद पडवीत तो माणूस मारतो. डिझेलची टाकी उतरवून धुतली, तळाला काळा चिखल होता. फिल्टर नवा. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत हवा काढली, फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत.

अल्टरनेटरला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला तर वाइंडिंगची इन्सुलेशन एक मेगाओहमच्याही खाली. समुद्रकाठची दमट हवा, त्यात पावसाची चाहूल. दादांच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनने स्लिप रिंग (कार्बन ब्रश ज्यांवर घासतात त्या कड्या) बारीक पॉलिशपेपरने साफ केल्या, आत शंभर वॉटचे दोन बल्ब ठेवले आणि ताडपत्री टाकून रात्रभर तसेच जळत ठेवले. सकाळी आकडा पाचच्या वर गेला होता. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्याआधी करावं.

लाइनची वीज किंवा जनरेटरची, एका वेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लोहार चाळीच्या बाजारातून आणला, दोन पोलचा, ६३ अँपिअरचा, मध्ये ऑफ असलेला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. काही जण दोन्हीकडे पिन असलेली वायर करून सॉकेटमधून घरात वीज सोडतात. कृपा करून असं करू नका. ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि तिथे आपल्यासाठीच खांबावर चढलेला माणूस असतो. बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग दिल्या, न्यूट्रलला वेगळी.

सेल्फ २४ व्होल्टचा आहे, त्यामुळे बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात. एकाने बारा व्होल्टवर बदलून देतो म्हणून सांगितलं, आम्ही नको म्हटलं. बॅटऱ्या उतरल्या तरी हँडलने सुरू करता येतं, हे या मशीनचं मोठं सुख.

वीज गेली की आधी बर्फाचं मशीन सुरू करते. व्होल्टेज क्षणभर १९० पर्यंत बसतं आणि उठतं. मग एकेक फ्रीझर, मध्ये चार-पाच मिनिटं सोडून. निम्म्या लोडवर तासाला सव्वा ते दीड लिटर डिझेल लागतं. महिन्यातून एकदा वीज असतानाही चालवते, पण फ्रीझर आणि बर्फाचं मशीन लावूनच. डिझेल इंजिन सतत रिकामं चालवलं की न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये काळं चिकट होऊन साचतं.

आता तक्रार. याला नव्या सेटसारखी आवाज कोंडणारी पेटी नाही. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे मशीन त्याच्या कितीतरी पुढे जातं. मोठा सायलेन्सर बसवला, वाऱ्याची वाट मोकळी ठेवून तीन बाजूंनी विटांची भिंत घातली, तरी शेजारच्या काकूंना झोपेचा त्रास होतो. म्हणून रात्री एकदाच दोन तास चालवून फ्रीझर गार करून घेते आणि बंद करते. त्यांच्या फ्रिजलाही एक लाइन दिली आहे.

सेट ६८ हजारांना पडला. बॅटऱ्या, ओटा, केबल, स्विच, अर्थिंग आणि मजुरी धरून आणखी ३१ हजार. पार्ट्स नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतात. इंजेक्टरचे नॉझल आणि कार्बन ब्रश मी जास्तीचे आणून ठेवलेत. ज्यांची स्वतःची मोकळी जागा नाही, सोसायटीत चौथ्या मजल्यावर घर आहे, त्यांनी याचा विचारही करू नये. पंखे, दिवे आणि एका फ्रिजपुरता चांगला इन्व्हर्टर घ्यावा. पण कोळीवाड्यात, तबेल्यात, छोट्या कारखान्यात, जिथे अंगण आहे आणि इंजिन उघडून बसणारा माणूस आहे, तिथे घ्यायला हरकत नाही. मेअखेरच्या आत घ्या, जूनमध्ये दारूखान्यात भाव चढलेले असतात आणि मिस्त्रीही हाती लागत नाही.