सुरमई संपली तेव्हा: मालवणातल्या एका खानावळीबद्दल

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते आणि फळ्यावरच्या 'सुरमई थाळी ४५०' वर खडूची काट पडलेली होती. ह्यांचा चेहरा उतरला. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून चार तास गाडी हाकली ती काय पेडवे खायला? मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सुरमय संपली ओ. पेडवे आसत, सकाळी रापणीक गावलेले. बसा."

बसलो. (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.) पेडव्यांची थाळी १८०, बांगड्याची २२०. मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे तो दरांचा फळा मला ऊर्जेच्या मनोऱ्यासारखाच, म्हणजे खाण्याच्या प्रत्येक पायरीला किती ऊर्जा उरते ते दाखवणाऱ्या चित्रासारखा दिसला: तळाला पेडवा, मधे बांगडा, वर सुरमई. समुद्रात कोण कोणाला खातं त्याचाही क्रम साधारण हाच. हे मी बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, "निवृत्त झालीस ना तू?"

आधी जेवणाचं. पेडव्याचं तिखलं अगदी आटीव, कोकम आणि तिरफळं घातलेलं, रस्सा भाताला लागेल इतकाच. मासा ताजा होता हे काट्यावरून कळलं. बोटाने दाबला की मांस अख्खं सुटून येत होतं. पावसाळा संपल्यावर या माशाच्या अंगावर चरबी असते, ती तिखल्यात उतरली होती. वडे गरम, पण एक कच्चा निघाला. सोलकढीत लसूण जरा जास्त. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वेगळं मागवलं, १५० रुपये, आणि तेच मला सगळ्यांत आवडलं.

ही चरबी येते कुठून? पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं गार, पोषक क्षारांचं पाणी वर येतं आणि डायटमसारखे सूक्ष्म वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, उन्हावर वाढणाऱ्या बारीक वनस्पती, भराभर वाढतात. पेडवे तारल्यांच्या कुळातले. कल्ल्यांच्या गाळणीतून हे डायटम गाळून खातात. म्हणजे ऊन, डायटम, पेडवा, मी. मधे दलाल जवळजवळ नाहीच. बांगड्याची भिस्त प्राणी प्लवकांवर, म्हणजे डायटम खाणाऱ्या तरंगत्या बारीक जिवांवर जास्त, म्हणजे एक पायरी वाढली. सुरमई या दोघांवर जगते, दिवसभर पोहते, पाठलाग करते. खाल्लेल्यातलं बरंचसं त्यातच जळून उष्णता होऊन जातं. काही पचतच नाही, काही विष्ठेतून खाली पडतं. पुढच्या पायरीला उरतो साधारण दहावा भाग.

हा दहा टक्क्यांचा हिशेब रेमंड लिंडेमन या तरुणाच्या कामावरून आला. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका लहानशा तळ्यावर त्याने पाच वर्षं घालवली. १९४२ साली त्याचा निबंध छापून आला तेव्हा तो हयात नव्हता. वयाची २७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. दहा हा आकडा ठोकताळाच आहे. कुठे पाच टक्के भरतात, कुठे वीस. वर्गात मुलं तो गुरुत्वाकर्षणासारखा घोकायची, तेव्हा मला राग यायचा.

तरी ताटावर मांडून बघा. डायटमांनी १०,००० एकक ऊर्जा बांधली, तर प्राणी प्लवकात १,०००, बांगड्यात १००, सुरमईत १०, आणि माझ्या वाट्याला १. तेच पेडवा खाल्ला तर पेडव्यात १,००० आणि माझ्याकडे १००. पेडवे प्राणी प्लवकही खातात, तेव्हा शंभरपट म्हणणं थोडं सढळ झालं. पण सुरमई महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे आमच्यासारखे घाटावरून येणारे लोक.

परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्नही याच ताटात होता. समुद्रात कोणत्याही क्षणी वनस्पती प्लवकांचं वजन त्यांना खाणाऱ्या प्राणी प्लवकांपेक्षा कमी भरू शकतं. मग मुलं ऊर्जेचा मनोराही उलटा काढायची. डायटम एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, हे विसरायची. खानावळीच्या टोपात एका वेळी दहाच वडे दिसतात, म्हणून दिवसभरात दहाच तळले असं होत नाही. वजनाचा मनोरा उलटेल, ऊर्जेचा कधीच नाही.

तिसऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्या खाडीतल्या. कांदळवनाची पानं गळून चिखलात कुजतात, जिवाणू त्यांवर वाढतात, आणि ते बारीक कण प्लवकांबरोबर तिसऱ्या पाण्यातून गाळून घेतात. अन्नसाखळी हिरव्या पानापासूनच सुरू होते असं पुस्तकातलं चित्र सांगतं. खाडीत ती कुजलेल्या पानापासूनही सुरू होते. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चिखल बरो तर तिसरे बरे." माझा अर्धा तास त्यांनी एका वाक्यात संपवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हट्टापायी साडेबारालाच हजर झालो. सुरमई मिळाली. तळलेल्या दोन तुकड्या, वर्तमानपत्रासारख्या पातळ, आणि मांस भुसभुशीत. बर्फात बरेच दिवस काढलेली असावी. ४५० रुपयांना हे पटलं नाही. शेवटी ह्यांनी कातडी आणि काटे मांजरीला टाकले. ती पाचव्या पायरीवर बसून निवांत जेवली.

बाजारपेठेतल्या मोठ्या हॉटेलांच्या फळ्यावर मला पेडवे दिसलेच नाहीत, फक्त सुरमई, पापलेट, कोळंबी. इथे ते रोज असतात, आणि रापण लागली असेल त्या दिवशी ते सकाळचेच असतात. म्हणून पाचपैकी चार. सुरमईसाठी जाणार असाल तर दोन.

बंदराच्या मागच्या गल्लीत, तुळशीवृंदावनाशेजारचं कौलारू घर, पाटी नाही. एकच्या आत जा. एकादशीला बंद. गाडी गल्लीत वळत नाही, बाहेरच लावा. पैसे रोख ठेवा, आणि तिसऱ्यांचं सुकं बसल्या बसल्या सांगून टाका, कारण ते पहिलं संपतं.