वजन कमी करायच्या बायपास ऑपरेशनला १५ महिने झाले, आता सगळं सांगते

तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं रडगाणं झालं असतं, आणि सहाव्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक, कारण तेव्हा दर आठवड्याला काटा खाली सरकत होता आणि मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. आता १५ महिने झालेत, वजन जवळजवळ थांबलंय, रोजचं आयुष्य काय आहे ते कळलंय, म्हणून लिहितेय.

मी इंदूरची. माहेर रामबागेत, सासर सुदामा नगरला, वय ४४, शाळेत गणित शिकवते. ऑपरेशनच्या आधी वजन ११८ किलो, उंची १५७ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४८च्या आसपास. नऊ वर्षांची शुगर, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावून झोपायचे, आणि गुडघे असे की शाळेचा दुसरा मजला चढताना मधे दोनदा थांबायचं आणि मुलींना कळू नये म्हणून फोन बघायचं नाटक करायचं. आज वजन ७७ आहे, शुगरची एकच गोळी उरलीय, मशीन परत दिलं, आणि यंदाच्या नवरात्रात बिजासनची टेकरी न थांबता चढले, वर पोचल्यावर देवीसमोर हात जोडायच्या आधीच डोळे भरून आले.

ऑपरेशन कुठलं केलं हे बरेच जण विचारतात. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरतं ते केळ्यासारखं नळकांडं. त्यात छातीतली जळजळ वाढू शकते, आणि मला ती आधीपासूनच होती, शिवाय शुगर, म्हणून डॉक्टरांनी गॅस्ट्रिक बायपास सुचवला. यात जठराच्या वरच्या टोकाशी एक छोटी पिशवी वेगळी करतात, साधारण ३० मिली मावेल एवढी, आणि ती थेट आतड्याला खालच्या बाजूला जोडतात, म्हणजे अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. खाणं कमी होतं, पण लोह, कॅल्शियम, बी१२ शरीरात शिरायची वाटही अरुंद होते. हे दुसरं वाक्य मला सही करायच्या आधी कोणीतरी दहा वेळा ऐकवायला हवं होतं.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. मुगाचं गाळलेलं पाणी, ताक, पातळ सूप, तेही घोट घोट, घाईने एक मोठा घोट घेतला की छातीत मधोमध दगड ठेवल्यासारखं व्हायचं. आई येऊन राहिली होती. औषधाच्या कपाने मोजून देणं तिला बघवेना, म्हणाली हॉस्पिटलसारखं नको गं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी माहेराहून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी घेऊन आली. बोटभर उंचीची, खाली माझं नाव कोरलेलं, एका बाजूची कड चेपलेली, दात येताना मी चावलेली म्हणे. त्या वाटीत तिने मुगाचं पाणी ओतलं आणि ४३ वर्षांच्या मुलीला बारक्या चमच्याने भरवलं. वाटी अर्धी व्हायच्या आत माझं पोट भरलं. आई काही बोलली नाही, पण रात्री स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला म्हणून गेले तर ओट्याशी उभी राहून रडत होती, एवढ्यावर माझी पोर जगणार कशी म्हणून. आयुष्यभर जिने पोटभर खाऊ घालण्यातच माया दाखवली तिला मी काय समजावणार होते, मीही तिच्यासोबत रडले.

कारण खरं सांगायचं तर मलाही खाण्याची आठवण येत होती. भूक नव्हती, अजिबात नव्हती, पण आठवण यायची, माहेरच्या माणसाची येते तशी. सकाळी कोपऱ्यावर पोह्याच्या पातेल्यातून वाफ निघायची, वरून शेव, जिरावन मसाला, बाजूला जलेबी, आणि मी खिडकी लावून घ्यायची. शाळेत कोणी ओरडलं, घरात वाजलं, कंटाळा आला की आधी हात डब्याकडे जायचा. आता डबा उघडूनही उपयोग नव्हता, पण तो राग, ते रडू कुठे ठेवायचं हे कोणीच शिकवलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी समुपदेशकाकडे एकच भेट झाली, २० मिनिटांची, फॉर्मवर टिक केल्या आणि झालं. मी नंतर स्वतः शोधून एक बाई गाठल्या, दर पंधरा दिवसांनी जात राहिले, आणि माझ्या मते या सगळ्या खर्चात तो पैसा सगळ्यात सार्थकी लागला.

नवऱ्याचं सांगायलाच हवं. आमचं लग्न ठरलं तेव्हापासून आमचं फिरणं म्हणजे सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, रात्री दहा-साडेदहाला तिथे जायचं, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), शेवटी रबडी, आणि घरी येईपर्यंत गप्पा. ऑपरेशननंतर ह्यांनी सराफ्याचं नावच घेणं बंद केलं. मला वाटलं माझ्यासाठी सोडलं. मग एका रात्री ह्यांच्या शर्टाच्या खिशात जिरावनचे पिवळे डाग असलेला कागद सापडला, त्याला गराडूचा वास. ते एकटे जात होते आणि मीटिंग होती म्हणून सांगत होते. मला जे लागलं ते खाल्ल्याचं नाही, मला सोडून गेल्याचं. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तुझ्यासमोर खाल्लं की मला चोरासारखं वाटतं गं. त्या शनिवारी मीच म्हटलं चला. गेलो, एक प्लेट कीस घेतला, मी तीन चमचे सावकाश चावून खाल्ले, बाकी त्यांनी संपवला, आणि रबडीच्या गाडीसमोरून मी त्यांचा हात धरून निघाले. तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो.

गोडाचं एवढं का, तर डंपिंग. गोड किंवा खूप तळलेलं घाईने आतड्यात उतरलं की अर्ध्या तासाच्या आत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, हातपाय गळतात. मला ते महालक्ष्म्यांना झालं. चुलत सासूबाईंकडे सवाष्ण म्हणून बोलावलं होतं, आधी सांगून ठेवलं होतं तरी पानात दोन पुरणपोळ्या आल्या आणि अन्न टाकायचं नसतं गं आजच्या दिवशी, असं प्रेमाने म्हणाल्या. मी अर्धी खाल्ली. वीस मिनिटांनी आतल्या खोलीत जमिनीवर आडवी, साडी घामाने ओली, त्या बिचाऱ्या पायाशी बसून वारा घालत होत्या आणि स्वतःला दोष देत होत्या. आता कुठेही जेवायला जाताना मी आदल्या दिवशी फोन करते आणि माझी वाटी पर्समध्ये नेते. हो, तीच चांदीची. नैवेद्याची मूद असते तेवढंच सगळं वाढा म्हणते, आणि वाटीमुळे कोणाला वाईट वाटत नाही, उलट बायका हातात घेऊन बघतात.

आता जेवणाचं रोजचं. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवं आणि एका वेळी पोटात मावतं अर्धी-पाऊण वाटी, हे गणित शाकाहारी घरात बसवता बसवता मला चार महिने लागले. हॉस्पिटलच्या चार्टमध्ये ब्रोकोली आणि ॲव्होकाडो होतं, ते आमच्या भाजीवालीकडे काय मिळणार! माझं जमलं ते असं, की सकाळी बिनसाखरेचा चक्का, शाळेत पनीरचे तुकडे, दुपारी घट्ट वरण आधी आणि भात जागा उरली तर, रात्री पिठलं किंवा मुगाचं धिरडं, मधे प्रोटीन पावडर, जिचा वास पहिले दोन महिने सहन होत नव्हता. पोळी अजून नीट जात नाही. एकदा स्टाफरूममध्ये गप्पांच्या नादात चौथा घास न चावता गिळला तो अडकला आणि बाथरूममध्ये पंधरा मिनिटं नुसता फेस येत राहिला. पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर अर्धा तास नाही, मग दिवसभर घोट घोट, आणि इंदूरच्या मे महिन्यात ते किती कठीण आहे ते इथल्यांनाच कळेल.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. वेणी घालताना हातात गुंता यायचा, मोरीच्या जाळीवर थर. वजन झपाट्याने उतरलं की तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हे बऱ्याच जणांना होतं आणि पुढे थांबतं, हे मला नंतर कळलं, तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी दोन महागडी तेलं घेतली नसती. हॉस्पिटलमधून फोन यायचे तेही तिसऱ्या महिन्यानंतर बंद झाले. नवव्या महिन्यात जिना चढताना पुन्हा धाप लागायला लागली, पायांना मुंग्या, मी स्वतःहून रक्त तपासलं तर बी१२ आणि लोह दोन्ही खाली. मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत होते, वर लगेच चहा. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं आणि लोहाबरोबर चहा नको, एवढं साधं वाक्य फाइलमध्ये कुठेच नव्हतं. तो राग माझा अजून गेलेला नाही. या गोळ्या जन्मभर आहेत. आणि दुखण्यावरच्या साध्या गोळ्यासुद्धा, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, बायपासवाल्यांनी मनाने घ्यायच्या नाहीत, जोडणीच्या जागी अल्सर होऊ शकतो. दाढ दुखली तेव्हा मेडिकलवाल्या भियाने नेहमीची पट्टी पुढे केली होती, मी नाव वाचून परत दिली.

विम्याचा क्लेम आधी नाकारला, सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून. २०१९ साली इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ठरवून दिलेल्या मजकुरात वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय निदान ४०, किंवा गंभीर आजार असतील तर निदान ३५, वगैरे अटी पूर्ण असतील तर या कारणाने नाकारता येत नाही असं होतं, ते कलम पॉलिसीत दाखवून पुन्हा अर्ज केला, तेव्हा मिळाला. आपापल्या पॉलिसीचा वेटिंग पीरियड आधी बघा.

शरीराचं म्हणाल तर दंडाची कातडी लोंबते, फळ्यावर लिहिताना हलते, मुली बघतात. पोटाच्या घडीत उन्हाळ्यात पुरळ येतं, सुती कापड ठेवावं लागतं. तरीही बेंचांच्या मधून जाताना मी अजून अंग आडवं करूनच जाते, जागा भरपूर असते. दुकानात हात आपोआप सगळ्यात मोठ्या मापाकडे जातो. डोक्यातली बाई अजून ११८ किलोचीच आहे, ती उतरायला वेळ लागतोय.

आणि आता ते, ज्याच्यासाठी लिहायला बसले. शाळेत मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. सोपा रस्ता धरला असं लोक म्हणतील याची भीती होती, काही नातेवाइकांनी म्हटलंही. आमच्या शाळेत एक मैत्रीण आहे, माझ्याएवढ्याच वजनाची होती तेव्हा, ती सारखी विचारायची, ताई काय केलंस सांग ना. मी म्हटलं, रात्रीचं जेवण बंद केलं आणि चालते. तिने ते खरं मानलं. रात्रीचं बंद केलं, मग सकाळचंही कमी केलं, आणि ऑगस्टमध्ये प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभी असताना कोसळली, कपाळाला तीन टाके. दवाखान्यात ती माझा हात धरून म्हणाली, तुझं जमलं, माझ्यातच काही कमी आहे गं.

मी त्या दिवशी तिथेच तिला खरं सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही, तो तिचा हक्क होता. पाचव्या दिवशी डबा घेऊन माझ्या टेबलावर आली आणि पहिला प्रश्न विचारला, दुखतं का? तेव्हापासून विचारतेच आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही, मी ढकलणारही नाही. पुढच्या गुरुवारी माझी तपासणी आहे, बी१२, लोह, डी, सगळं, आणि ती सोबत येणार आहे. तिने प्रश्न वहीत लिहून ठेवलेत, काल मोजले, २७ आहेत.