हायलक्सला एलटी टायर टाकले, अ‍ॅव्हरेजचं काय झालं

गाडी टोयोटाची हायलक्स पिकअप, कंपनीतून आलेला टायरचा साईझ २६५/६५ आर १७, आता २६५/७० आर १७ एलटी (लाईट ट्रक, म्हणजे जड लोडसाठीचे) ऑल टेरेन (रस्ता आणि चिखल दोन्हीला चालणारे) चढवलेत. राहायला मुलुंड, शेत मुरबाडच्या पुढे, म्हणजे आठवडाभर ट्रॅफिक आणि शनिवार-रविवार चिखल असं आमचं रनिंग. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सांगतोय ते या टाईपच्या कुठल्याही टायरला लागू आहे.

ग्रिप एक नंबर, त्यासाठीच तर पैसे टाकले. शेताकडे उतरणाऱ्या लाल मातीत मागचं चाक आता जागच्या जागी फिरत बसत नाही आणि साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जाड असल्यामुळे दगडाचं टेन्शन गेलं. पण पावसात काँक्रीटवर जोरात ब्रेक मारताना कंपनीच्या टायरएवढा भरवसा वाटत नाही, आणि ऐंशीच्या वर घूंsss असा आवाज येतो तो येतोच.

आता मेन मुद्दा. टायर कुर्ल्याला सीएसटी रोडवर बदलले, शेजारी भंगारवाल्याचा काटा होता, म्हटलं बघू तरी, टायरवाला पण म्हणाला ठेवा की शेठ, आपल्याला काय. जुना घासलेला साडेपंधरा किलो, नवीन साडेबावीस! चार चाकांचे मिळून अठ्ठावीस किलो जास्त. दोन टनांच्या वरच्या गाडीला एवढं वजन म्हणजे मागच्या सीटवर शाळेतलं एक पोरगं बसल्यासारखं, पण हे वजन फिरणारं आणि बहुतेक सगळं चाकाच्या कडेला, त्यामुळे गाडी उचलताना ते पुढे न्यायचं आणि वर फिरवायचं पण, इंजिनला ते जवळपास दुप्पट पडतं. एलबीएस रोडवर दर सिग्नलला ते फिरवायला डिझेल जाळायचं आणि पुढच्या सिग्नलला ब्रेकमध्ये घालवायचं. हायवेला एकसारख्या स्पीडवर मात्र याचा फारसा फरक पडत नाही.

तरी मग आधी लिटरला साडेअकरा देणारी गाडी टाकी फुल टू फुल ९.८ वर का आली? दुप्पट धरलं तरी छप्पन्न किलोनं एवढा फटका बसत नाही. एक तर मीटर खोटं बोलतोय. नवीन टायरचा व्यास ७७६ मिमीवरून ८०३ झाला, म्हणजे मीटरला १०० किमी दिसतात तेव्हा गाडी खरी १०३ च्या वर गेलेली असते, तो हिशोब केला की ९.८ चे १०.१ होतात. बरं जुने टायर घासून बारीक झालेले, त्यामुळे तो साडेअकराचा आकडा पण थोडा फुगलेलाच होता. आणि घासलेला टायर तसाही हलका पळतो, नवीन टायरचं रबर जाड, ते दर फेरीला दबतं, वळतं, गरम होतं, ती सगळी गरमी आपल्या डिझेलमधूनच. त्यात ऑल टेरेनची मोठी बटणं (रस्त्याला टेकणारे रबराचे ठोकळे) आणि एलटीची कडक बॉडी. माझ्या मते खरी खादाडी इथे आहे, वजन बिचारं फुकट बदनाम.

हवेचं पण बघा. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा कंपनीच्या टायरसाठी असतो, एलटीला तेवढाच लोड घ्यायला हवा जास्त लागते. पंपावरचा पोऱ्या स्टिकर बघून भरतो आणि गाडी जड जड चालते. टायर कंपनीचा लोड टेबल (किती वजनाला किती हवा) बघून थोडी वाढवली तर गाडी मोकळी वाटायला लागली.

पैशात सांगायचं तर साडेअकरा आणि १०.१ मध्ये हजार किलोमीटरला बारा लिटरचा फरक, मुंबईत डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे हजार-अकराशे रुपये. मला परवडतं, कारण पावसाळ्यात दर वेळी ट्रॅक्टरवाल्याला हात जोडायचं बंद झालं. ज्यांची गाडी बीकेसी ते ठाणे एवढीच पळते त्यांनी नुसत्या लुकसाठी हे टाकू नये. ऑल टेरेनच पाहिजे असेल तर कंपनीच्याच साईझमध्ये, एलटी न लिहिलेला घ्या, बराच हलका येतो आणि मीटर पण जागेवर राहतो.

आणि घेणार असाल तर चार नाही, पाच घ्या. माझी स्टेपनी अजून जुन्या साईझची आहे, पंक्चर झालं तर घरापर्यंत येईन, पण एक चाक लहान असताना कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावायचं नाही, गिअर आणि शाफ्टवर ताण येतो. पाचव्याचा भाव विचारलाय, टायरवाला अजून पाचशेच्या फरकावरच अडून बसलाय.